स्वल्पविरामाचं देणं

इंग्रजीतली शंका विचारायला आपल्याकडे माणूस कचरतो. मराठी शाळेतून आलेला तर जास्तच. ही भीती माझ्या मनातून ज्यांनी काढली, ते फोर्टमधल्या एका छापखान्यातले ज्येष्ठ मुद्रितशोधक होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही.

काकाही मराठी शाळेतलेच. वार्षिक अहवाल, निविदा, मधूनच एखादी इंग्रजी कादंबरी, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी कधी घालायची, असं मी एकदा विचारलं. प्रूफ माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, “तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून बघ. वाक्य लागलं तर चिन्ह घाल, नाहीतर काढ. ‘हिज’ला आणि ‘हर्स’ला कुठे असतं? मग मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’ला कशाला?”

‘गॉना’, ‘एन्ट’ असले शब्द आले की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “बोलतंय कोण?” कादंबरीतला पोरगा बोलत असेल तर हात लावायचा नाही, कंपनीचा अध्यक्ष भागधारकांना लिहीत असेल तर पेन्सिल चालवायची. हा विवेक मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने दिला नाही.

त्यांच्या खणात फाउलरचा १९२६ सालचा इंग्रजी वापराचा कोश असे, पुठ्ठा सुटलेला. वाक्याचा शेवट प्रेपोझिशनने करू नये, हे मी शाळेत घोकलेलं. काकांनी कोश उघडून दाखवलं की हा नियम फाउलरला मुळीच मान्य नव्हता. हा कोश फाउलरने धाकट्या भावासोबत योजला होता. भाऊ १९१८ साली क्षयाने गेला आणि ग्रंथ त्याला अर्पण झाला, हेही काकांनीच सांगितलं. कोणाचं काय आपल्याकडे आलं, याची त्यांना नेहमी आठवण असे. विरामचिन्हं मराठीत रुजवणाऱ्या मेजर कँडींचं नावही ते आदराने घेत.

स्वल्पविरामावर मात्र त्यांचा खरा जीव. यादीत शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी तो द्यावा की नाही, यावर ते तासभर बोलू शकत. अशाच स्वल्पविरामावरून अमेरिकेतल्या मेन राज्यात झालेला एक खटला मी वाचला तेव्हा काका हयात नव्हते. कोणत्या कामांना जादा वेळेचा मोबदला लागू नाही, याची तिथल्या कायद्यात यादी होती. शेवटी होतं ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’पुढे स्वल्पविराम नव्हता. मग वगळलं काय: पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग, की पॅकिंग आणि वितरण ही दोन वेगळी कामं? खटला भरणारे ओकहर्स्ट डेअरीचे चालक माल वाटत, पॅकिंग करत नसत. २०१७ साली अपील न्यायालयाने अर्थ संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. गाडी हाकणाऱ्या माणसांच्या घामाचा दाम एका न दिलेल्या चिन्हाने मिळवून दिला! काकांनी निकालाचं पान न् पान वाचून काढलं असतं.

आता नवी मुलं माझ्याकडे प्रूफं आणतात आणि शंका विचारताना अडखळतात. त्यांना मी शेजारची खुर्ची देतो, वाक्य मोठ्याने वाचायला लावतो आणि नियम सांगण्याआधी कोश त्यांच्यापुढे ठेवतो. हे सगळं काकांचं आहे, आणि ते मी त्या मुलांना नाव घेऊन सांगतो.