रायगडाची प्रदक्षिणा

महाडच्या उत्तरेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून रायगडाचा डोंगर उभा आहे. एका अंगाला काळ, दुसऱ्या अंगाला गांधारी. दोन्ही नद्या पुढे सावित्रीला मिळतात. खिंडी आणि दऱ्यांनी हा डोंगर चहूबाजूंनी तोडलेला असल्यामुळे त्याला पायथ्याने पूर्ण फेरी घालता येते. ही फेरी साधारण १४-१५ किलोमीटरची असून सहा-सात तासांत पुरी होते. गडावर चढणाऱ्याला राजधानी दिसते. फेरी घालणाऱ्याला कळते ती राजधानीसाठी याच डोंगराची निवड का झाली, याची कारणे.

चित दरवाजाकडून निघून गड उजव्या हाताला ठेवत वाट उत्तरेला वळते. डोक्यावर टकमक टोक येते. गुन्हेगारांचा कडेलोट येथून होत असे, असे परंपरा सांगते. खालच्या खोऱ्यात छत्री निजामपूर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर थिजला आणि त्यातून हा काळा कातळ घडला. टणक थरांचे कडे झाले आणि त्यांच्या पायाशी माती-धोंड्यांचे उतार साचले. कड्यांनी गड राखला, उतारांनी रान पोसले. प्रदक्षिणेची वाट बहुतेक या उतारांवरूनच जाते.

रानात ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, हिरडा दाटीने उभे असतात. त्यांच्याखाली माजते ती कारवी. तिच्या अंगठ्याएवढ्या जाड, पेरापेरांच्या काठ्या माणसाच्या डोक्यावरून जातात आणि खरखरीत पाने चालणाऱ्याच्या दंडांना घासत राहतात. कोकणातल्या घरांचे कूड याच काठ्यांचे, वरून शेणमातीने लिंपलेले. साधारण सात वर्षांनी कारवी एकदाच फुलते आणि उतारच्या उतार जांभळे होतात. मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात, घट्ट काळपट मध साठतो. पुढच्या उन्हाळ्यात बोंडे तडतडून फुटतात, बी मातीत पडते आणि जुनी झाडे वाळून जातात.

रान विरळ झाले की माळ लागतो. पावसाळ्यात हिरवा, दिवाळीनंतर सोनेरी, फाल्गुनापर्यंत करडा. येथे सावली नाही, पण नजरेला आडकाठीही नाही. गडाच्या पूर्व टोकाला, भवानी टोकाखाली पोचल्यावर समोर काळ नदीच्या खोऱ्यापलीकडे लिंगाण्याचा सुळका दिसतो आणि त्यामागे घाटमाथ्याची सलग भिंत. देशावरून उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला याहून चांगली जागा क्वचितच सापडेल. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून रायरीचा हा डोंगर घेतला आणि ६ जून १६७४ रोजी येथेच त्यांचा राज्याभिषेक झाला.

यानंतर फेरीतला दमवणारा चढ येतो, तो काळकाईच्या खिंडीचा. एका बाजूला गडाचे कडे, दुसऱ्या बाजूला पोटल्याचा डोंगर. गडाभोवतीच्या संरक्षणातली उणी बाजू हीच. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने पोटल्यावरून तोफा डागल्या. आगीत वाडे जळाले आणि गड पडला. खिंडीत उभे राहून वर पाहिले की तोफेचा गोळा केवढ्या कमी अंतरावरून गेला असेल ते उमगते. जे कडे चढून कोणाला जिंकता आले नसते, ते समोरच्या डोंगरावरून ओलांडले गेले.

खिंड उतरली की झाडी पुन्हा दाटते आणि वाट हिरकणीवाडीत येते. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीची कथा या वाडीच्या नावात नांदते. १९९६ पासून येथूनच रोपवे गडावर जातो. पुढे डांबरी रस्त्याने चित दरवाजा गाठला की फेरी पुरी होते.

या वाटेचा हंगाम दसऱ्यानंतर ते माघापर्यंत. भर पावसात ओढे अनावर होतात आणि कातळावरची भिजून जड झालेली माती केव्हा सुटेल याचा नेम नसतो. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्याच तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. उन्हाळ्यात माळ तापतो आणि झरे आटतात, म्हणून पाणी पुरेसे बरोबर असावे. वाट रानात अनेकदा फुटते, तेव्हा वाडीवरचा माहीतगार सोबत घेणे शहाणपणाचे. गुरांमागे आणि लाकूडफाट्यासाठी रोज फिरणाऱ्या या माणसांच्या पायांमुळेच ही वाट मोडलेली नाही.