आवाज येत नाही, तेव्हा

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की आमच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये पहिली तक्रार ठरलेली: स्पीकर मुका. मग जो तो आवाजाची पट्टी 100 च्या पुढे ओढतो. मला ही सवय अजिबात आवडत नाही. त्या छोट्याशा स्पीकरमध्ये अगदी बारीक तारेचं वेटोळं असतं. त्यातून फार वीज गेली की ते तापतं, आणि एकदा जळलं की कुठलाही ड्रायव्हर ते परत आणू शकत नाही.

हाऊसच्या नाटकाला चार दिवस उरले असताना क्लबचा लॅपटॉप असाच गप्प झाला. सगळं पार्श्वसंगीत त्याच्यावर, आणि स्पीकर बदलून मिळेल असं दुकान जवळपास नाही.

"सर, 150 टक्क्यांवर नेऊ?" ज्युनियरनं विचारलं.

"आधी 10 वर आण." अडथळा निघाला की आवाज असेल त्या पातळीवर एकदम फुटतो.

टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' दिलं. यादीत साउंड कार्ड होतं, म्हणजे ड्रायव्हर जागा होता. (ते दिसलं नसतं तर 'डीमेसेज'मध्ये फर्मवेअरची तक्रार शोधावी लागली असती.) 'अल्सामिक्सर' उघडून एफ6 ने कार्ड निवडलं. 'स्पीकर'च्या पट्टीखाली 'एमएम' अशी अक्षरं, म्हणजे आवाज बंद. 'एम' दाबलं, अक्षरं गेली, तरी शांतता! सेटिंग्ज पाहिल्या तर आवाज एचडीएमआयवरून तालमीच्या प्रोजेक्टरकडे चालला होता. तो स्पीकरकडे वळवला आणि 'स्पीकर-टेस्ट' चालवलं. नुसतं चालवलं तर खरखर येते; '-सी2 -टी वेव्ह' जोडलं की "फ्रंट लेफ्ट", "फ्रंट राइट" असं स्पष्ट ऐकू येतं.

"ड्रिलचे उस्ताद आले," ज्युनियर म्हणाला.

कधी कधी मात्र हा मुकेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. ॲपलच्या एम1, एम2 मॅकबुकवर लिनक्स आणणाऱ्या 'असाही लिनक्स'च्या मंडळींनी स्पीकर बराच काळ बंदच ठेवले होते, कारण बेलगाम चालवले तर ते जळू शकतात. पुढे त्यांनी 'स्पीकरसेफ्टीडी' हा प्रोग्रॅम लिहिला. तो वेटोळ्याच्या तापमानाचा सतत अंदाज घेतो आणि मर्यादा जवळ आली की आवाज उतरवतो. ही राखण काढून टाक असं कुणी सुचवलं, तर जळणारा लॅपटॉप कुणाचा, हे आधी त्याला विचारावं.