तीन पाइपांचा प्लॉट

टोकियोच्या एका गल्लीत घरांच्या मधोमध एक रिकामा प्लॉट आहे. खाली गवत, कडेला भिंत आणि तिच्यालगत सिमेंटचे तीन मोठे पाइप. खाली दोन, वर एक. त्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे देव जाणे. पण अकोल्यापासून ढाक्यापर्यंतच्या पोरांना तो परसासारखा पाठ आहे. कारण तो ‘डोरेमॉन’ या जपानी कार्टून मालिकेतला आहे. जियान तिथे भसाड्या आवाजात गातो, सुनिओ फुशारक्या मारतो, चेंडू शेजारच्या आजोबांची काच फोडतो आणि बोलणी खातो नोबिता.

हिरोशी फुजिमोतो यांनी ‘फुजिको फुजिओ’ या टोपणनावाने ‘डोरेमॉन’ ही चित्रकथा सुरू केली ती १९६९च्या अखेरीस, शाळकरी मुलांच्या मासिकांतून. तो काळ त्या पाइपांत मुरलेला आहे. टोकियो तेव्हा भराभर वाढत होतं. जिकडेतिकडे सांडपाण्याच्या वाहिन्या टाकण्याची कामं चाललेली, आणि पाइप दिसेल त्या मोकळ्या जागेत येऊन पडलेले. मोठ्यांचं काम सुरू होईपर्यंत ती जागा पोरांची. पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला आणि असे प्लॉट इमारतींखाली गेले. मालिकेत मात्र अजून एकही बिल्डर फिरकलेला नाही.

डोरेमॉन या निळ्या मांजराच्या पोटावरच्या जादुई खिशाचं कौतुक सगळेच करतात. त्यातून निघालेली वस्तू बहुधा नोबिताच्याच अंगाशी येते, हा भाग मला जास्त आवडतो. पण पोरांना खरी भूल पडते ती शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या त्या वेळेची, असं मला वाटतं. शून्य मार्कांचा पेपर कुठेतरी दडवायचा, आईची हाक ऐकू आली नाही असं दाखवायचं आणि सटकायचं. ना क्लास, ना कोच, ना लक्ष ठेवणारं कुणी.

आपल्याकडे २००५च्या सुमारास हे निळं मांजर टीव्हीवर आलं ते हिंदी बोलतच. मराठी घरातली पोरं जेवायला बसल्यावर ‘मम्मी, मुझे भूख नहीं है’ म्हणायला लागली आणि आज्या बघतच राहिल्या. बांगलादेशात मुलांच्या तोंडी हिंदी बसेल या धास्तीने २०१३ मध्ये सरकारने हिंदीतल्या डोरेमॉनचं प्रसारणच थांबवलं. मांजर जपानी, बोली हिंदी आणि घोर बंगालीचा! जपानच्या परराष्ट्र खात्याने तर त्याआधीच, २००८ मध्ये, त्याला रीतसर ‘ॲनिमे राजदूत’ नेमून टाकलं होतं.

पोरं टीव्हीपुढून हलत नाहीत ही आपली तक्रार जुनीच. ती करण्याआधी एकदा खाली उतरून आपल्या सोसायटीत चक्कर मारून या. पोरांनी उगाच जमावं, भांडावं, चेंडू हरवावा, अशी जागा शोधा. बहुधा पार्किंगच सापडेल, आणि भिंतीवर पाटी: ‘येथे खेळण्यास मनाई आहे’. ती पाटी काढायचा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये मांडा.