मुक्कामाची माणसं

पनवेल मागे टाकून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौककडे निघालं की वाटेत लोधिवली लागतं. कुणाला हे नाव धीरूभाई अंबानी रुग्णालयामुळे ठाऊक असतं, कुणाला शेजारच्या रसायनीच्या कारखान्यांमुळे. पावसाळा सरला की शनिवार-रविवारी या रस्त्याने मुंबईच्या बस येतात. एखादीत गडावर चढणारी पोरं असतात, एखादीत चर्चची तरुण मंडळी. त्यांच्याबरोबर वह्यांचे गठ्ठे, बिस्किटांचे खोके आणि एखादी गिटार असते. कुणी बालगृहात जातं, कुणी आश्रमशाळेत, कुणी ठाकूरवाडीवर. दिवसभर गाणी, खेळ, एकत्र जेवण, आणि अंधार पडायच्या आत परतीचा प्रवास.

पुढच्या रविवारी उपासनेत यांपैकी कुणीतरी उभं राहतं आणि अनुभव सांगतं. मराठी ख्रिस्ती घरांत याला साक्ष देणं म्हणतात. बोलता बोलता गळा दाटून येतो, कारण मांडीवर येऊन बसलेलं मूल खरंच आठवत असतं. ती माया खोटी नसते. पण साक्ष असते पाहुण्याच्या शनिवारची. त्या मुलाचा सोमवार कसा गेला, हे तिच्यात येत नाही.

महाराष्ट्रात अनाथांच्या ख्रिस्ती सेवेचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या रुळांवर पुढे आहे. मुंबईहून निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागून जादा इंजिनं लावून बोरघाट चढते, पुणे ओलांडते आणि दौंडच्या अलीकडे केडगावला पोहोचते. मुंबई बंदरात उतरलेल्या किती तरी परदेशी बायका याच मार्गाने पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनला गेल्या.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. 1874 च्या सुमारास दुष्काळातल्या हालअपेष्टांत त्यांचे आईवडील गेले, मग थोरली बहीण. उरलेली भावंडं देशभर पायी हिंडली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पुण्यात त्यांचं शारदा सदन होतं, पण प्लेगमुळे तिथे एवढ्या मुली ठेवणं शक्य नव्हतं. मग केडगावच्या माळावर छपरं उभी राहिली. 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

हा पसारा सांभाळायला बाहेरून माणसं आली. त्यांपैकी मिनी अब्राम्स ही अमेरिकन मेथडिस्ट बाई 1887 मध्ये मुंबईत आली होती. मुलींच्या शाळेत काम करून, मराठी शिकून, 1898 मध्ये ती केडगावला गेली आणि रमाबाई अमेरिकेला गेल्या असताना तिने तिथली जबाबदारी उचलली. म्हणजे हाती मुली सोपवल्या जाण्याआधी तिची या देशात दहा वर्षं झाली होती. मुलीला रात्री ताप आला तर ती काय पुटपुटते, हे कळायला तेवढी वर्षं हवीतच.

केडगावात नुसतं अन्न-वस्त्र दिलं जात नव्हतं. मुली शेती शिकल्या, माग चालवायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींसाठी ब्रेल आणली. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर याच छापखान्यात बायकांच्या हातांनी जुळवलं गेलं.

एक प्रश्न मात्र तेव्हाही होता आणि आजही टाळता येत नाही. 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्यावरून वादळ उठलं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उपाशी मुलीपुढे ताट ठेवणाऱ्याचा देव तिला आपला वाटणारच. म्हणूनच ताट ठेवणाऱ्याने स्वतःवर जास्त बंधन घालायला हवं. रमाबाईंची थोरवी मानूनही हे म्हणावं लागतं.

आता कायदाही काही बंधनं घालतो. 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. मांडीवरच्या मुलाचा फोटो मोबाईलवरून शंभर जणांना धाडणाऱ्या भल्या माणसाला हे बहुधा माहीत नसतं. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली. दर आठवड्याला नवा ताई-दादा जीव लावतो आणि निघून जातो. लहान मूल ते प्रत्येक जाणं सोसत असतं.

19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता राहिली. काही मुलं वाचली ती आश्रमशाळेच्या वसतिगृहात होती म्हणून. त्यांतल्या काहींच्या घरी मात्र कुणी उरलं नव्हतं. त्या आठवड्यात मदतीचा पूर लोटला, आणि तो लोटायलाच हवा होता. पण त्या मुलांना पालक लागणार होता दहावीचा फॉर्म भरताना, पहिल्या नोकरीच्या वेळी, आणि पुढच्या प्रत्येक जुलैत, मध्यरात्री पाऊस वाढला की.

खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्यांवर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. पोरंही बरोबर जातात आणि शाळा सुटते ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. मुंबईच्या बस येतात त्या नेमक्या या महिन्यांत, हवा छान असते म्हणून. वाडीवर म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या दिसतात. ज्या मुलांसाठी वह्या आणलेल्या असतात, ती त्या वेळी दूर कुठेतरी कच्च्या विटा उलटत असतात.