आंबील ओढा, वरून आणि खालून

मुलांना स्क्रीन आवडते म्हणून ती वर्गात आणायची, हे मला कधीच पटलेलं नाही. स्क्रीन त्यांना घरी मिळतेच. आईचा फोन रात्री तासभर हातात आला की त्यात काय काय बघून होतं, ते मला सकाळच्या गप्पांतून कळतं. रंगीत, हलणारं, गाणारं काही दाखवून मी त्या फोनशी स्पर्धा करायला गेले तर पहिल्या पाच मिनिटांत हरेन. तरीही माझा भूगोलाचा तास आता पडद्याशिवाय होत नाही. दक्षिण पुण्यातली महापालिकेची शाळा, सातवीचा वर्ग, भिंतीवर टीव्ही, माझा लॅपटॉप आणि माझ्याच फोनचा हॉटस्पॉट, एवढ्यावर आमचं चालतं.

पुण्यात ही हौस जुनी आहे. शाळांसाठी मराठी कार्यक्रम करणारी ‘बालचित्रवाणी’ 1984 साली इथंच सुरू झाली आणि 2017 मध्ये बंद पडली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर ठरल्या वेळी लागायचे. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ते शाळेच्या सतरंजीवर बसून पाहिलेत. कार्यक्रम चांगले असत. पण प्रश्न पडला तरी टीव्ही थांबत नसे, आणि बाईही ‘नंतर विचार’ म्हणून गप्प करत. 2020 मध्ये टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर शाळकरी मुलांसाठी ‘टिलीमिली’ लागायची, तेव्हाही वेळ टीव्हीचीच होती. आता बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी असे कोड आपल्या वर्गात आधीच वापरले होते, आणि 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर ते घरोघरी माहीत झाले. कोड स्कॅन केला की व्हिडिओ उघडतो. मात्र ज्या घरातला एकुलता फोन बाबांबरोबर कामावर जातो, तिथं तो कोड रात्री नऊनंतरच उघडतो. म्हणून माझा भर वर्गातल्या एका पडद्यावर आहे. आजचा पडदा मला हवा तिथं थांबवता येतो आणि त्यावर काय दिसेल ते मुलांना आधी विचारता येतं, हे मला त्याचं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

विचारायची सोय प्लिकर्स नावाच्या ॲपनं केली. प्रत्येक मुलाकडे एक कागदी कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी. कार्ड ज्या बाजूनं वर धराल ते तुमचं उत्तर: अ, ब, क किंवा ड. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. मुलांकडे एकही फोन लागत नाही. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. हे कळायला आमच्या काही वीरांना बराच वेळ लागला. (कार्डं छापून घेणार असाल तर चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइट चमकते आणि मागच्या बाकावरचं काही वाचलं जात नाही. जाड कार्डशीट पुरे.)

पुराचा धडा मी पानशेतपासून सुरू करते. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. एवढं सांगायचं आणि गूगल अर्थवर आंबी नदीपासून मुठेच्या पात्रातून पुण्यापर्यंत सावकाश यायचं. मग नदीपासून साधारण सारख्याच अंतरावरच्या चार जागा दाखवायच्या आणि विचारायचं, पाणी आधी कुठं शिरेल? कार्डं वर होतात. बहुतेक जण धरणाच्या बाजूची जागा निवडतात. मी उत्तर सांगत नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणते, दोन मिनिटं वर्गाचा बाजार होतो, मग पुन्हा कॅमेरा फिरवते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात रूढ केलेली ही रीत. त्यांचे विद्यार्थी आमच्यापेक्षा कमी आरडाओरडा करत असावेत.

दुसऱ्या फेरीत उत्तरं हलतात. कुणीतरी ‘लांब असून काय, खोलगट आहे ना’ असं म्हणालेलं असतं. मग मी कर्सर एकेका जागेवर नेते. कोपऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. पाचशे चाळीस, पाचशे पंचेचाळीस, पाचशे बावन्न, असे आकडे आले की वर्ग आपोआप शांत होतो, कारण प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. हेच आकडे मी आधी फळ्यावर लिहिले असते तर त्यांनी ते वहीत उतरवले असते आणि विषय तिथंच संपला असता.

पुढची गोष्ट मी ठरवलेली नव्हती. पानशेतची आठवण घरी कोणाला आहे का ते विचारून या, असं सांगितलं, तर जवळजवळ कोणालाच सापडली नाही. साहजिक आहे, यांचे आजी-आजोबा लातूर, कलबुर्गी, सोलापूरचे. पण दुसऱ्या दिवशी मुलं वेगळाच पूर घेऊन आली. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र, आंबील ओढा. तेव्हा ही पोरं अगदी लहान होती, तरी कोणाला कडेवर घेऊन माळ्यावर चढवलं, कोणाची सायकल वाहून गेली, हे सगळं त्यांच्या घरात रोज सांगितल्यासारखं ताजं होतं. पानशेत बाजूला ठेवलं आणि ओढा पडद्यावर घेतला.

ओढा कात्रजकडून येतो, सहकारनगर, पर्वतीच्या पायथ्याजवळून दांडेकर पुलाकडे जातो आणि मुठेला मिळतो. पूर्वी तो शहराच्या पोटातून वाहायचा, पेशवाईत त्याला वळवलं. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रहचित्रंही बघता येतात. वर्षाची पट्टी सरकवण्याआधी मी विचारलं: ओढा रुंद झाला असेल, अरुंद, की तसाच? आणि तिथंच हात थांबला. पट्टी सरकली की काठावरची घरं वाढताना दिसणार, आणि त्यांतली काही घरं समोर बसलेल्यांची. वरून पाहिलं की त्यांचं घर ‘अतिक्रमण’ दिसतं. असं चित्र मुलांसमोर धरताना पुस्तकातला शब्द बाजूला ठेवावा लागतो. मी म्हटलं, आधी तुम्ही सांगा, इथं कोण कोण राहतं आणि तिथं राहायला कसं आलं. त्यातच अर्धा तास गेला. पट्टी दुसऱ्या दिवशी सरकवली.

सरकवल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ती सोसायटीची भिंत यात दिसतच नाही. पाणी त्या भिंतीला अडलं, मग आमच्याकडे वळलं.” खरंच दिसत नव्हती. अरुंद ओढ्याच्या बाबतीत उंचीचे आकडेही ढोबळच असतात. काठ आणि पात्र एकाच आकड्यात मिसळून जातात. त्या मुलीनं भिंत कागदावर काढून दाखवली, आणि तिथून वर्गाचा सामायिक नकाशा सुरू झाला. त्यावर पहिली खूण त्या भिंतीची पडली.

मग प्रत्येकानं आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते विचारून यायचं, टेपनं मोजायचं आणि नकाशावर टाकायचं, असं ठरलं. टेप शिवणकामाची, गवंडीकामाची, मिळेल ती. नोंदी आल्या आणि भांडण पेटलं. एकाच गल्लीतल्या दोन घरांची मापं जुळेनात. एकजण म्हणे कमरेइतकं, दुसरा म्हणे छातीइतकं.

“कोणाच्या कमरेइतकं?” मागून प्रश्न आला. “तुझ्या बाबांच्या की माझ्या आजीच्या?”

दोघांनाही परत घरी पाठवलं. यावेळी माणसाच्या अंगावर न मोजता दाराच्या चौकटीवर खूण करून घ्यायची, असं त्यांनीच ठरवलं. एकाच्या घराची चौकट पुरानंतर बदलली आहे, म्हणून तो शेजाऱ्यांची वापरणार आहे. शेजारचे काका रात्रपाळीला असतात, तेव्हा त्याची नोंद रविवारनंतर येईल.