पलीकडची वाडी

भाताची कापणी उरकून शेतात वाल पेरला की कडावला मामाच्या अंगणात रात्री बाज पडायची. पूर्वेला भीमाशंकरचा डोंगर आडवा पसरलेला, आणि त्याच्या उतारावर एके ठिकाणी दिव्यांचा घोळका. "केवढं मोठं गाव!" मी म्हणालो. आजी म्हणाली, "येक गाव नाय ते. अलीकडं कातकरवाडी, पलीकडं ठाकरवाडी. मधी अख्खी दरी हाय." अंधारानं दरी गिळली होती, म्हणून दोन्ही वाड्या एकाच ओसरीवर बसल्यासारख्या दिसत होत्या. आजी त्या रंगावरून वेगळ्या करायची. लांबचा दिवा धुरळ्यातून तांबूस दिसतो.

दीर्घिकांचे समूह शोधणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे, हे मला फार उशिरा कळलं. जॉर्ज एबेल यांनी पालोमार वेधशाळेच्या काचपट्ट्या भिंगाखाली धरून 1958 साली 2712 समूहांची यादी केली. सारं डोळ्यांनी पारखून! ती चिकाटी आठवली की अजून भरून येतं. पण आभाळ सपाट दिसतं. पुढेमागे असलेल्या दीर्घिका एका रेषेत आल्या की समूहाचा भास होतो. मग रंग कामी आला. समूहातल्या वृद्ध दीर्घिका साऱ्या जवळपास एकाच तांबूस छटेच्या असतात, आणि समूह जितका दूर तितकी ती छटा गडद. इथे धुरळा, तिथे विश्वाचं प्रसरण. पण खूण आजीचीच.

नेमकं अंतर हवं तर एकेका दीर्घिकेचा वर्णपट घ्यावा लागतो. स्लोन आकाश सर्वेक्षणानं असे लाखो घेतले. ते अभ्यासताना घाटावर, पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले जॉयदीप बागची, आयसर या विज्ञान संस्थेतले शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मीन राशीच्या दिशेला 43 समूहांचा महासमूह सापडला. 2017 मध्ये तो जाहीर झाला, नाव सरस्वती. अंतर 400 कोटी प्रकाशवर्षं, पसारा 60 कोटी. समोरच्या डोंगराचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. सरस्वतीचा उजेड त्याच्या साठपट जुना.

परवा पुन्हा त्या अंगणात बसलो. उतारावर फार्महाऊस झाली आहेत, दरीतही रात्रभर फोकस जळतात. कुठली वाडी कुठे संपते ते कळत नाही, आणि मीन राशीतले मुळातच फिके तारे दिसेनासे झालेत. तिथल्या घरमालकांना हात जोडून सांगणं आहे: निजताना बाहेरचा दिवा मालवा.