किंग्जवे कॅम्पचा भारत

‘उपकार’ देशभक्तीचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. मला तो आधी भावाभावांच्या वाटणीचा चित्रपट वाटतो. शिकून आलेला धाकटा पूरन जमिनीत हिस्सा मागतो, चुलता त्याला फूस देतो, आणि थोरला भारत शेताचे तुकडे होऊ नयेत म्हणून सगळंच भावाच्या हवाली करून सैन्यात जातो. आपल्याकडे देशावर काय, कोकणात काय, हे घर कुणालाही ओळखीचं वाटेल. बांधावरून बोलणं तुटलेली भावंडं कुठल्या गावात नाहीत? पण या वाटणीच्या मागे आणखी एक वाटणी उभी आहे. ती मला दिल्लीत राहायला आल्यावर जाणवली.

‘उपकार’चे दिग्दर्शक आणि त्यातले भारत, मनोजकुमार, हे मूळचे हरिकृष्ण गिरी गोस्वामी. जन्म १९३७ चा, ॲबटाबादचा. फाळणी झाली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. घरदार सोडून कुटुंब दिल्लीला आलं आणि किंग्जवे कॅम्पच्या छावणीत राहिलं. आज तिथल्या मेट्रो स्थानकाचं नाव गुरू तेग बहादूर नगर आहे आणि आजूबाजूला विद्यापीठातल्या मुलांच्या खोल्या नि खानावळी आहेत. १९११ साली पंचम जॉर्जचा दरबार याच परिसरात भरला होता. छत्तीस वर्षांनी इथेच दिल्लीतली निर्वासितांची सर्वांत मोठी छावणी पडली. मनोजकुमार मुलाखतींतून सांगत की त्या दंगलीच्या दिवसांत त्यांचा तान्हा भाऊ इस्पितळात उपचारांवाचून दगावला. संतापलेल्या पोराने काठी उचलली. वडिलांनी त्याला शपथ घातली, आयुष्यात कधी दंगा करायचा नाही. हे वाचल्यापासून मी ‘उपकार’मधला भारत वेगळ्या नजरेने पाहतो. हिस्सा मागणाऱ्या भावावर तो हात उगारत नाही, आणि मला तिथे ती शपथ दिसते.

पुढे हिंदू कॉलेजातून पदवी घेऊन ते मुंबईला गेले. ‘शबनम’मध्ये दिलीपकुमार यांनी साकारलेल्या मनोजवरून त्यांनी नाव घेतलं. १९५७ च्या ‘फॅशन’मध्ये एका म्हाताऱ्या भिकाऱ्याची लहानशी भूमिका मिळाली, मग ‘हरियाली और रास्ता’, ‘वह कौन थी’, ‘गुमनाम’. देखणा, मितभाषी नायक म्हणून ते उत्तम चालले होते. तेवढ्यावर थांबले असते तरी लोकांनी त्यांना लक्षात ठेवलं असतं.

वळण आलं १९६५ च्या ‘शहीद’ने. दिग्दर्शक म्हणून नाव एस. राम शर्मा यांचं असलं, तरी चित्रपटाच्या घडणीत भगतसिंगांचं काम करणाऱ्या मनोजकुमारांचा वाटा फार मोठा मानला जातो. राजगुरूंची भूमिका आपल्या अनंत मराठे यांनी केली होती, हे मराठी माणसाने विसरू नये. लालबहादूर शास्त्रींनी हा चित्रपट पाहिला आणि ‘जय जवान, जय किसान’वर काही करा, असं सुचवलं, दिल्लीहून मुंबईला परतताना आपण रेल्वेत वही-पेन घेऊन बसलो आणि कथा उतरवली, असं मनोजकुमार सांगत. ते दिवस अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाचे आणि सोमवारी संध्याकाळी चूल न पेटवण्याच्या आवाहनाचे होते. चित्रपट पडद्यावर आला १९६७ मध्ये. शास्त्रीजी त्याआधीच ताश्कंदला गेले होते, ते परत आलेच नाहीत.

गावातलं चित्रीकरण झालं ते बवानाजवळच्या नांगल ठाकरानमध्ये, म्हणजे दिल्लीच्याच हद्दीत. मलंगचाचा झाले प्राण. जुन्या दिल्लीत, बल्लीमारानात जन्मलेला हा नट तोवर पडद्यावर दिसला की बायका-पोरं धास्तावत. त्यांना एका पायाने अधू, कडू बोलणारा पण गावाचा विवेक सांभाळणारा माणूस करणं, ही दिग्दर्शकाची खरी नजर. जमिनीवर माया करणारं ते गाजलेलं गाणं लिहिलं गुलशन बावरा यांनी. तेही शेखूपुऱ्याहून, फाळणीत आई-वडिलांचं छत्र हरवून आलेले. जमीन गमावलेल्यांनी मिळून केलेलं हे जमिनीचं चित्र आहे.

नंतरच्या चित्रपटांबद्दल माझं मत एकसारखं नाही. ‘पूरब और पश्चिम’ मोठा गाजला, पण त्यात परदेशातली माणसं फार सोपी करून टाकली आहेत. ‘रोटी कपडा और मकान’ पुन्हा दिल्लीत येतो. बेकार इंजिनीअर भारत बापाच्या चितेत आपली पदवी टाकतो. १९७४ च्या भारतात तो राग खराच होता. ‘क्रांती’त ज्यांच्या भूमिकेवरून नाव घेतलं त्या दिलीपकुमारांनाच दिग्दर्शित करायचं भाग्य लाभलं, मात्र तिथे घोषणा माणसांपेक्षा मोठ्या झाल्या.

मला सर्वांत जवळचा ‘शोर’. त्यात ना ध्वज आहे, ना युद्ध. अपघातात आई गेली, मुलाची वाचा गेली. गिरणी-कारखान्यातला बाप पोराच्या शस्त्रक्रियेसाठी दिवसरात्र सायकल चालवून पैसे जमवतो. मूल बोलू लागतं तेव्हा बापाचेच कान गेलेले असतात. संकलनाचं फिल्मफेअर पारितोषिकही मनोजकुमारांनाच मिळालं. आईचं काम नंदा यांनी केलं. त्यांचे वडील नट-दिग्दर्शक मास्टर विनायक, म्हणजे नटाचा दिग्दर्शक होणं कोल्हापूरने ‘ब्रह्मचारी’च्या काळातच, १९३८ मध्ये पाहिलं होतं.

चेहऱ्यावर हात धरायच्या त्यांच्या लकबीची लोकांनी खूप नक्कल केली. त्या नकलांतून त्यांचं काम झाकलं गेलं, याची मला खंत वाटते. २०१५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी मुंबईत ते गेले. येत्या पंधरा ऑगस्टला ‘उपकार’चं गाणं कानावर पडलं, तर त्यावरच थांबू नका. वाटणीचा प्रसंग संपेपर्यंत चित्रपट पाहा, आणि ‘शोर’ पाहायचा राहिला असेल तर तो आधी पाहा.